रात्री रस्त्यावर न उतरता पथदिवे कसे तपासणार?

आज दुपारी भाचीचा फोन आला. ती पथदिव्यांच्या आधुनिकीकरणावर पदव्युत्तर प्रबंध लिहीत आहे आणि त्यासाठी एका कंपनीत इंटर्नशिप करत आहे. "मावशी, रात्रीच्या मोजमापांचं प्रकरण काढून टाकायला सांगितलंय. विजेच्या बचतीचा तक्ता पुरेसा आहे म्हणे." तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही.

त्या प्रकरणात काय आहे हे मला ठाऊक आहे, कारण त्यांतल्या एका रात्री मी तिच्यासोबत होते. दिवे नवे होते, खांब जुनेच. दोन खांबांमधल्या रस्त्यावर खडूने चौकटी आखून ती प्रत्येक चौकटीत उजेड मोजणारा लक्समीटर ठेवत होती आणि मी आकडे वहीत उतरवत होते. खांबाखाली डोळे दिपवणारा उजेड आणि मधल्या पट्ट्यात जवळजवळ अंधार. त्या अंधारात एक बाई वाहनाची वाट पाहत उभी होती. आम्ही अगदी जवळ पोहोचेपर्यंत ती आम्हाला दिसली नव्हती.

एलईडीचा प्रकाश भिंगातून ठरावीक दिशेनेच जातो. त्यामुळे रस्त्याची रुंदी, खांबाची उंची आणि दोन खांबांतील अंतर पाहून भिंग निवडावे लागते. ते न करता २५० वॉटचा सोडियम दिवा उतरवून त्याच जागी १२० वॉटचा एलईडी चढवला, तर कागदावर निम्मी वीज वाचते आणि रस्त्यावर उजेडाची बेटे उरतात. सर्वांत कमी उजेडाचे सरासरी उजेडाशी असलेले गुणोत्तर मुख्य रस्त्यांवर साधारण ०.४ तरी असावे, अशी अपेक्षा असते. वॉटच्या तक्त्यात हे गुणोत्तर येतच नाही, आणि ती अंधारातली बाईही येत नाही.

वीज वाचायला हवी, हे मान्य. पण केवळ वीजच वाचवायची असेल, तर दिवे बंदच ठेवावेत. मग खांब तरी कशाला उभे करायचे?

भाचीने प्रकाशाच्या रंगाबद्दलही लिहिले आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच पथदिवे ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे (हा आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर) असावेत, असे सुचवले होते, कारण निळसर पांढरा प्रकाश डोळ्यांना दिपवतो आणि झोपेच्या चक्रातही बाधा आणतो. कॅलिफोर्नियातील डेव्हिस शहराला तर रहिवाशांच्या तक्रारींमुळे २०१४ मध्ये नुकतेच बसवलेले दिवे बदलून अधिक उबदार रंगाचे दिवे लावावे लागले. तिथल्या लोकांचे आधी ऐकले असते, तर तो दुसरा खर्च टळला असता.

कंपनीतील तिच्या मार्गदर्शकांवर मुदतीचे दडपण असेल, हेही मी समजू शकते. मात्र फोनवर तिचा आवाज इतका खचलेला होता की मला वाईट वाटले. शिकणारी मुलगी रात्री रस्त्यावर बसून प्रामाणिकपणे आकडे घेते, त्या अंधाऱ्या पट्ट्यात उभ्या असलेल्या बाईशी थांबून बोलते, ती रोज तिथेच उभी राहते हे नोंदवते, आणि नेमके तेच पान गाळायला तिला सांगितले जाते.

मी तिला सांगितले की कंपनीला द्यायच्या अहवालात तक्ता ठेव, पण विद्यापीठाकडे जाणारा प्रबंध तुझा आहे. त्यातून एक ओळही काढू नकोस. उद्या ती विद्यापीठातील मार्गदर्शकांना भेटणार आहे. तुमच्यापैकी जे पथदिव्यांच्या निविदा तयार करतात, त्यांनी एक अट जरूर घालावी: दिवे बसवल्यानंतर रात्री, दोन खांबांच्या मधोमध, जमिनीवर मोजमाप झाल्याशिवाय अंतिम देयक मंजूर होणार नाही.