शिंगं पाहूनच बैल घ्या

तुमच्या बापानं बैल कसा घेतला, ते आधी डोक्यातून काढून टाका. जबडा उघडून दात मोजले, चार पावलं चालवून पाहिलं, खांदा चाचपला, विकणाऱ्याच्या गावच्या दोघांना विचारलं, तेव्हा कुठं रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला. एका बैलापायी अख्खा बाजार गेला! तुम्ही फायनल इयरला आहात, एवढी सवड कुठली? ओपन सोर्स प्रोजेक्ट, म्हणजे सगळ्यांना खुलं असलेलं आणि कोणीही भर घालू शकेल असं काम, शिंगं पाहूनच घ्यायचा असतो. शिंगं म्हणजे गिटहबवरचे, कोड ठेवायच्या वेबसाइटवरचे, स्टार : लोकांनी दिलेली पसंतीची खूण.

टीम पाच जणांची धरा. एकाकडे लॅपटॉप, एकाकडे हॉटस्पॉट, एकाकडे मोटरसायकल आणि उरलेले दोघं टीम लीडर. मीटिंग आर्णी रोडवरच्या टपरीवर, तर्री-पोह्याच्या साक्षीनं.

पहिली पसंती अर्थातच लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. 1991 साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानं छंद म्हणून सुरू केलेलं काम, म्हणजे आपल्यासारखंच पोरगं! आज त्याच्या कोडच्या ओळी कोटींत मोजतात, त्याचं काय घेऊन बसलात. गिटहबवर लिनक्सची प्रत दिसली की ठोकून द्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती. तिथं ती घेतच नाहीत. पॅच, म्हणजे केलेला बदल, साध्या मजकुराच्या ईमेलनं, त्या त्या भागाच्या मेंटेनरकडे, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याकडे, पाठवावा लागतो. हे सगळं कागदपत्रांत लिहून ठेवलेलं आहे, म्हणूनच कागदपत्रं वाचू नका. उत्साह जातो.

शेवटचं कमिट, म्हणजे कोडमधला नोंदवलेला बदल, कधीचं, नवख्याच्या पुल रिक्वेस्टला कोणी उत्तर देतं का, ‘गुड फर्स्ट इश्यू’ची, म्हणजे ‘नवख्यासाठी बरं’ अशी, चिठ्ठी लावलेलं काम आधीच कोणी उचललंय का, कोड वापरायची परवानगी देणारं लायसन्स आहे की नाही, हे पाहणं म्हणजे पुन्हा दात मोजणं. बापाचीच सवय.

एवढं करून जमलंच नाही, तर ऑक्टोबरची वाट पाहा. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावायच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात 2020 साली बक्षिसाच्या टी-शर्टाच्या आशेनं लोकांनी रीडमी फायलींत, म्हणजे प्रोजेक्टची ओळख सांगणाऱ्या फायलींत, असले काही शब्द कोंबले, की मेंटेनर हैराण झाले आणि आयोजकांना उपक्रमाच्या मधेच नियम बदलून, जो प्रोजेक्ट स्वतःहून ‘या’ म्हणेल त्याच्याच पुल रिक्वेस्ट धराव्या लागल्या. परंपरा मोठी आहे, तुम्ही पुढं न्या. एक स्वल्पविराम वाढवा, पाच जणांची नावं टाका आणि बायोडाटात लिहा : ‘जागतिक पातळीवर योगदान’. पुल रिक्वेस्ट न घेताच बंद झाली हे मुलाखतीत कोण पाहतं? (पाहतात. पण ते पुढचं पुढं.)

टीममध्ये एखादा खुळा निघतोच. आमच्यात मोटरसायकलवाला निघाला. म्हणे, “भाऊ, ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या गावची पांदणच नाही ना बे! पावसाळ्यात कापसाची गाडी कुठून काढाची, बाहेरच्याले कसं समजन?” ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे 2004 पासून लोकांनीच काढत आणलेला जगाचा नकाशा. त्यात भर घालायला कोड लागत नाही. फोनचं जीपीएस चालू करून पांदणीनं चालायचं आणि घरी येऊन रेघ ओढायची.

अशा माणसाला वेळीच आवरा. पांदणीला स्टार नसतात, चिखल असतो. नाला कुठं फुगतो आणि बैलगाडी कुठं रुतते, हे त्या एकट्यालाच ठाऊक आहे, तेव्हा प्रोजेक्ट ठरायच्या वेळी त्याला पोहे आणायला पाठवा.