हजार झाले की मूग गिळणारं पीएचपी

अरे, निदान बोंब तरी मार! पाच पोरांचे मार्क गिळलेस आणि वर "माहिती जतन झाली" म्हणून हिरवी पट्टी? (पट्टी मीच लावलेली, ते सोडा.)

एका शाळेसाठी वेबसाइटवर गुण भरायचा फॉर्म केलाय, पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत. अख्खा वर्ग एका पानावर, सहा विषय, प्रत्येकाचे तोंडी, लेखी, प्रकल्प. म्हणजे पोरामागे १८ चौकोन. मी दहा पोरं घालून बघितलं, मस्त चाललं. सातवी अ मध्ये ४० पोरं, तिथंही चाललं. सातवी ब मध्ये ६०. रात्री साडेनऊला मॅडमचा फोन, "सर, शिंदेपासून खाली सगळ्यांना भोपळा दिसतोय!"

बघतो तर खरंच. ५५ नंबरची वाघमारे ठणठणीत. ५६ नंबरच्या शिंदेचे मराठी-हिंदी जागेवर, इंग्रजीचे तोंडी आणि लेखीही जागेवर, आणि प्रकल्पापासून पुढे शून्यच शून्य. (चौकोन आला नाही तर शून्य धर, हे शहाणपण माझंच. त्याच्याबद्दल मी स्वतःला वेगळ्या शिव्या दिल्यात.) पण एका विषयाच्या मधोमध तुटणारा हा कसला बग?

चौकोनाचं अंतर्गत नाव, म्हणजे नेम अ‍ॅट्रिब्यूट तपासलं. डिसेबल्ड (लिहायला बंद) केलेला चौकोन ब्राउझर पाठवतच नाही, म्हणून तेही तपासलं. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये (काय काय पाठवलं ते दिसतं तिथं) साठच्या साठ पोरं रांगेत जाताना दिसतायत! होस्टिंगच्या (साइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवलीय त्या कंपनीच्या) सपोर्टवाल्याला विचारलं, तर म्हणे कॅशे (तात्पुरती साठवलेली जुनी प्रत) क्लियर करा. बाबा रे, कॅशेचा आणि शिंदेच्या इंग्रजीचा काय संबंध?

शेवटी रात्री दीडला पलीकडे सर्व्हरवर पोचलेल्या व्हॅल्यू मोजल्या. पाठवल्या १०८२ (१०८० चौकोन आणि फॉर्मच्या सुरुवातीचे दोन जादा), मिळाल्या १०००. बरोब्बर १०००! तेव्हा ट्यूब पेटली: मॅक्स इनपुट व्हार्स, म्हणजे एका वेळी किती व्हॅल्यू घ्यायच्या याची पीएचपीची मर्यादा. मुद्दाम हजारो व्हेरिएबल पाठवून सर्व्हर झोपवायचा प्रकार २०११ च्या शेवटी गाजला, म्हणून पीएचपी ५.३.९ पासून ही मर्यादा आली. मर्यादेला माझी ना नाही. पण हजार झाले की उरलेलं टाकून देऊन स्क्रिप्ट खुशाल पुढे चालू ठेवायची? सगळं नाकार ना सरळ! वॉर्निंग देतं म्हणे. ती देतं माझी स्क्रिप्ट सुरू व्हायच्या आधी, आणि या होस्टिंगवर एरर दाखवणंही बंद, लॉगही बंद. भिंतीला सांगितल्यासारखं.

बरं, मर्यादा वाढवावी तर आयएनआय सेटने (कोडमधूनच सेटिंग बदलायचा आदेश) वाढत नाही. गुपचूप फॉल्स परत देतं, बस. मग डॉट-यूजर-डॉट-आयएनआय ही पीएचपीच्या सेटिंगची फाइल टाकली, ५००० केले, रिफ्रेश मारलं. तरी हजारच! फाइल उडवली, दुसरं काहीतरी करत बसलो. तासाभराने वाचलं की ती फाइल ३०० सेकंद कॅशेत असते. म्हणजे उपाय बरोबर होता, मीच पाच मिनिटं थांबलो नाही. हो, आणि कॅशेचा संबंध निघालाच. सपोर्टवाल्याला ते मी मरेपर्यंत सांगणार नाही.

फाइल परत टाकली आणि सकाळी मॅडमना फोन करून पाच पोरांचे मार्क परत भरायला सांगितले. भरले. पाच मिनिटांत पुन्हा फोन: "सर, आता तोंडी-लेखीबरोबर वहीचा पण एक चौकोन वाढवून द्या ना."