हात सोडा, मॅडम

"हात सोडा, मॅडम. भिंतीला धरलं की काटा कमी दाखवतो."

दाखवू दे ना बाबा. तुझ्या घरचं काय जातंय?

न्यूरोच्या दवाखान्यात दर तीन महिन्यांनी हेच नाटक. वजनकाटा फरशीवर ठेवलेला. त्यावर चढायचं, काहीही न धरता उभं राहायचं आणि मान खाली घालून आकडा वाचायचा. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूचा आणि नसांचा आजार. एमएसवाल्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय, ते काट्याजवळच्या त्या पोराला कुठून ठाऊक असणार? माझ्या तळव्यांना फरशी नीट लागतच नाही, सदा कापसाच्या गादीवर उभी असल्यासारखं वाटतं. नजर समोर असली तर तोल कसाबसा राहतो. खाली बघितलं की गेला. आणि मान वाकवली की मानेपासून कंबरेपर्यंत सर्रकन करंट उतरतो, तो वेगळाच. मग मी भिंत धरते, आणि काटा झटक्यात पाच किलो खाली येतो. नऊ वर्षांत वजन उतरवायची एवढी झटपट युक्ती मला दुसरी सापडलेली नाही.

मग आत डॉक्टर. एमआरआयची फिल्म दिव्यापुढे धरून दहा मिनिटं बघतील, औषधं बारकाईने विचारतील, आणि मी पर्स उचलली की मागून आवाज येतो, "वजन कमी करा हं." कसं करू? "डाएट, व्यायाम." पुढचा पेशंट.

अहो, हे वजन मी हौसेने वाढवलंय का? माझ्या घरात काय रोज पुरणपोळ्या लाटतात? गेल्या वर्षी एमएसचा अटॅक आला, डावा पाय बसला. पाच दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, सलाइनमधून चढवलं. ज्यांनी घेतलंय त्यांना माहीत आहे. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव राहते, म्हणून दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळायच्या. झोप नाहीच. रात्री तीन वाजता पोटात वणवा पेटतो, आणि ही भूक पोटातली नसते, डोक्यातली असते. मी अंधारात ओट्याला टेकून डब्यातला चिवडा मुठीमुठीने खाल्ला आहे, डबा रिकामा होईपर्यंत. मग उरलेलं वरण, थंडगार, पातेल्यातूनच. त्या महिन्यात चार किलो वाढले. पाय बराच परत आला. किलो कुठे गेले नाहीत. वर नसांच्या जळजळीसाठी रात्री प्रेगाबालिनची गोळी. त्यानेही वजन वाढतं, हे गोळीच्या पाकिटातल्या कागदावरच छापलेलं आहे. म्हणजे औषध तुम्ही देणार, वजन ते वाढवणार आणि बोलणी मी खाणार.

नातेवाइकांची तर तऱ्हाच न्यारी. आजारी माणूस कसा हवा? वाळलेला, गालफडं बसलेली, खोकणारा. गोलमटोल आजारी माणूस लोकांना पटतच नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मोठ्या मावशीने माझ्या दंडाला चिमटा काढून सगळ्यांसमोर म्हटलं, "चांगली तं दिसून राहिली तू! कायचा आजार न कायचं काय. जरा हातपाय हलवत जाय." मावशी, हातपाय हलवणं हाच तर आजार आहे गं. हलवायचा हुकूम मेंदूतून निघतो आणि वाटेत कुठेतरी अडकून पडतो. नसांवरचं आवरण आपल्याच शरीराने कुरतडलंय, उंदराने वायरीवरचं प्लास्टिक कुरतडावं तसं. पण हे तिथे तिळगुळाच्या ताटाशी उभं राहून कोण सांगत बसणार? मी वाण घेतलं आणि घरी आले.

तरी हातपाय हलवले. पूर्वी एमएसवाल्यांना डॉक्टर व्यायाम करू नका म्हणायचे, आता करा म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. व्यायामाने मला बरं वाटतं, हे मीच सांगते. पण मी नागपुरात राहते. एप्रिलमध्ये इथे पारा ४२ वर असतो. जिम कोपऱ्यावरची, एसी 'उद्या दुरुस्त होणार' असलेला. ट्रेडमिलवर सातव्या मिनिटाला उजव्या डोळ्यापुढे दुधी काच आली. दहाव्या मिनिटाला पाय लाकडाचा झाला. ट्रेनर ओरडतोय, "कम ऑन मॅडम, मनात आणलं तर होतं!"

नाही होत रे, राजा. अंग तापलं की कुरतडलेल्या नसांमधून निरोप जाणं मंदावतं, अर्धा डिग्री ताप वाढला तरी पुरतं. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने हे १८९० मध्येच लिहून ठेवलंय. एमआरआय नव्हता तेव्हा तर पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवायचे आणि लक्षणं वाढली की एमएसचा संशय पक्का करायचे. म्हणजे जी एकेकाळी परीक्षा होती, ती मी महिन्याला बाराशे रुपये भरून, टी-शर्ट घालून, हिंदी गाण्यांच्या तालावर देत होते. गार झाल्यावर सगळं उतरतं, कायमचं नुकसान होत नाही, हे मला माहीत आहे. पण तासभर जिमच्या पायरीवर बर्फाची पिशवी मानेला लावून बसायचं आणि येणारा-जाणारा विचारणार, "चक्कर आली का? काही खाल्लं नव्हतं का?"

मग 'नुसतं चाला' वाले. पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत, कॉलनीत चार चकरा. तेही केलं. तिसऱ्या चकरेला डावा पाय फरफटायला लागतो, पंजा उचललाच जात नाही. एके दिवशी गेटजवळून परत येतेय तर मागून वॉचमनकाका धावत आले. "ताई, चप्पल!" माझी डाव्या पायातली चप्पल गेटपाशीच राहिली होती. मी सत्तर-ऐंशी पावलं एका चपलेनं चालले आणि मला पत्ता नाही. काकांनी वाकून ती पायापुढे ठेवली. मला रडू आलं नाही, राग आला. काकांचा नाही. मनगटावरच्या घड्याळाचा, कारण ते म्हणत होतं, 'आज तुम्ही फक्त १,९०० पावलं चाललात.' फक्त! अरे, ओढत्या पायाने टाकलेल्या पावलाला धडक्या पावलापेक्षा जास्त ताकद लागते. ते मोजायचं कलम कुठे आहे तुझ्यात?

आणि त्या १,९०० पावलांनंतरचा दिवस? लोक म्हणतात, थकवा काय, आम्हालाही येतो. तुमचा झोपून जातो हो. हा कसा असतो सांगू? कूलरचा पंखा घरघर फिरतो पण पंप पाणी ओढत नाही, तेव्हा खोलीभर नुसता गरम वारा येतो ना, तसा. माणूस चालू दिसतो, काम काही होत नाही. अकरा वाजता ऑफिसात बसून स्क्रीनवरची तीच ओळ चार वेळा वाचायची.

आता खाण्याकडे या. डाएटच्या तक्त्यात काय असतं? सॅलड, मोड आलेली कडधान्यं, परतलेल्या भाज्या, ज्वारीची भाकरी. छान. हे करतं कोण? माझ्या बोटांना काकडी आणि बोट यातला फरक सुरी लागल्यावर कळतो. भाकरी थापायला ओट्याशी उभं राहायचं, समोर तवा धगधगतोय, पुन्हा तोच उथॉफ स्वयंपाकघरात हजर. कमी खाण्याच्या सगळ्या गोष्टींना जास्त कष्ट लागतात, हे कुणी बोलतच नाही. कष्ट कशाला लागत नाहीत? खारी. टोस्ट. फरसाण. पोळीभाजी केंद्रातला डबा, ज्यात भाजी तर्रीखाली पोहत असते. ज्या दिवशी हात चालत नाहीत त्या दिवशी मी खारी चहात बुडवून खाते. त्या दिवसाचं वजन मी 'जिभेवर ताबा नाही' या खात्यावर का लिहून घ्यायचं?

"जेवणाआधी दोन ग्लास पाणी पी, भूक मरते." मरते. आणि वीस मिनिटांनी मी ऑफिसच्या बोळातून भिंत धरत धावत असते, कारण या आजारात मूत्राशयही हुकूम पाळत नाही. आता निघावं लागेल असं ते सांगत नाही, निघालंच असं सांगतं. चार लिटर पाणी प्या म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्यासोबत नागपूर-पुणे गाडीत बसून दाखवावं.

घरात डाएटवाले दोन पक्ष आहेत. दीर दीक्षित पक्षाचे: दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत. नणंद दिवेकर पक्षाची: थोडं थोडं, पण वेळेवर, आणि तुपाला भिऊ नकोस. दोघं माझ्या ताटावरून भांडतात. मला सकाळी गोळी आहे, ती भरल्या पोटी घ्यायची. रात्रीची गोळी घेतली की अर्ध्या तासात जीभ जड होते. कुणाचाच पक्ष माझ्या गोळ्यांना विचारून निघालेला नाही.

तरीही गेल्या तीन महिन्यांत फिजिओच्या मदतीने खुर्चीत बसून व्यायाम केला, पंख्याखाली, ओला पंचा मानेवर टाकून. रात्रीचा भात सोडला. परवा पुन्हा दवाखाना, पुन्हा तो काटा.

"हात सोडा, मॅडम."

सोडले. आकडा ७६, ७९, ७७, ७८ असा नाचायला लागला, कारण मीच नाचत होते. पोरगं पेन घेऊन थांबलेलं.

"अठ्ठ्याहत्तर लिहू का?"

"पंचाहत्तर लिही," मी म्हटलं.

त्याने अठ्ठ्याहत्तरच लिहिलं.