वुल्फडॉग घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी

बर्फातून डौलात चालणारा, पिवळ्या डोळ्यांचा वुल्फडॉग, म्हणजे लांडगा नि कुत्रा यांचा संकर, रीलमध्ये दिसला की खाली हमखास प्रश्न येतो, "कुठे मिळेल?" माझं मत आधीच सांगून टाकतो: घेऊ नका. लांडग्याला घाबरून म्हणत नाहीये. या हौसेत सगळ्यात जास्त भरडलं जातं ते जनावरच, म्हणून म्हणतोय.

आधी टक्क्यांचं बघू. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "सत्तर टक्के लांडगा आहे." हा आकडा बहुतेक वेळा वंशावळीवरून कागदावर मांडलेला हिशेब असतो. आईबापांचे गुण पिल्लांना मापून वाटले जात नाहीत. एकाच वेतातलं एक पिल्लू शेपूट हलवत अंगावर येईल, तर दुसरं माणूस दिसताच कोपरा गाठेल. आणि कित्येकदा हस्की, मॅलम्यूट नि जर्मन शेफर्ड या कुत्र्यांच्या जातींचं मिश्रणच लांडगा म्हणून खपवलं जातं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! खरं तर असा फसलेला माणूस नशीबवान. फक्त त्याने गावभर "आमचा लांडगा, आमचा लांडगा" करत फिरू नये. का ते पुढे येईलच.

लांडग्याचा अंश खरोखर जास्त असेल तर राखणदार मिळेल ही आशा सोडा. लांडगा अनोळखी माणसाला बिचकतो. दारावरची बेल वाजली की हा भुंकण्याऐवजी सोफ्यामागे जाऊन बसेल. पण तिथून त्याला ओढून बाहेर काढायला गेलात तर चावेल. बिथरलेलं जनावर कोंडीत सापडलं की तेच करतं.

याचं मूळ फार लवकरच्या वयात आहे. लांडग्याची पिल्लं दोन आठवड्यांची झाली की धड दिसत नसताना, ऐकू येत नसताना, नुसत्या वासावर आजूबाजूचं जग हुंगत फिरायला लागतात. कुत्र्याची पिल्लं हे चौथ्या आठवड्याच्या सुमारास करतात. म्हणून लांडग्याला माणसाची सवय लावायची तर डोळे उघडायच्या सुमारासच त्याला हाताशी घेऊन रात्रंदिवस त्याच्याबरोबर राहावं लागतं. एवढं करूनही तो कुत्रा होत नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांनी हातावर वाढवलेले लांडगे आणि कुत्रे घेतले आणि त्यांच्यापुढे न सुटणारं कोडं ठेवलं: मांस दिसतंय, पण काही केल्या हाती लागत नाही. कुत्रे थोडी झटापट करून मागे वळायचे आणि माणसाच्या तोंडाकडे बघायचे. लांडगे स्वतःच झगडत राहिले. संकरित पिल्लू या दोन टोकांच्या मध्ये नेमकं कुठे पडेल, हे ते मोठं होईपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

आणि मोठं होणं हीच खरी परीक्षा. पहिलं दीड-दोन वर्ष बरं जातं, मग ते वयात येतं. लांडगे वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या शेवटाकडे माजावर येतात. ज्यांच्यात लांडग्याचा अंश जास्त, त्यांचा नूर त्या दिवसांत पालटतो. कालपर्यंत मांडीवर डोकं ठेवणारा आज खाण्याच्या भांड्याजवळ फिरकू देत नाही. कुंपण किमान आठ फुटी लागतं, वरून आत वळवलेलं आणि खाली जमिनीत जाळी पुरलेली, कारण उडी मारणं आणि जमीन उकरणं दोन्ही यांना येतं.

कायद्याचं तर विचारूच नका. ब्रिटनमध्ये लांडग्यापासूनच्या पहिल्या दोन संकरित पिढ्यांना १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली परवाना लागतो, पुढच्या पिढ्यांना लागत नाही. युरोपीय संघात मागच्या चार पिढ्यांत लांडगा असेल तर खरेदी-विक्रीला लांडग्याचेच नियम. चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग ही रीतसर मान्यता असलेली जात, तरी नॉर्वेत तिच्यावर बंदी. अमेरिकेत केंद्राचे प्राणिकल्याण नियम या संकराला पाळीव धरतात, पण अलास्कासारखी राज्यं तो घरात ठेवू देत नाहीत. भारतात लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. म्हणजे घर बदललं, सीमा ओलांडली की जनावर तेच, गुन्हा नवा.

पण या सगळ्याहून वाईट नियम रेबीजचा. अमेरिकेत कुत्रा चावला आणि तो धडधाकट दिसत असला तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवतात. आजार दिसण्याआधी कुत्र्याच्या लाळेत विषाणू किती दिवस असू शकतो हे ठाऊक आहे, म्हणून हे चालतं. संकरित प्राण्याबाबत ते ठरलेलं नाही आणि रेबीजच्या लशीला त्यांच्यासाठी तिथे अधिकृत मान्यताही नाही. पशुवैद्य टोचेलही, पण कायद्याच्या लेखी ती नसल्यात जमा. त्यामुळे चावा झाला की अधिकारी जनावर मारून मेंदू तपासायला सांगू शकतात. ही तपासणी जिवंतपणी होत नाही. खेळता खेळता शेजारच्या पोराला लागलेला दातही पुरतो. आणि ते लांडग्याचं आहे याचा पुरावा म्हणून पशुवैद्याच्या फायलीत तुम्हीच मिशीला पीळ देऊन लिहून दिलेला शब्द असतो. वर भरपाईचा दावा आला तर विमा कंपनी हात वर करते ते वेगळंच.

नंतर झेपेना झालं की देणार कुणाला? अशा प्राण्यांची आश्रयस्थानं थोडी, त्यातली बरीच भरलेली. रानात सोडलं तर माणसाच्या हातचं खाल्लेलं ते पुन्हा वस्तीकडेच येणार आणि वाटेत रानटी लांडग्यांशी संकर झाला तर त्यांचाही वंश बिघडणार.

एवढीच ओढ असेल तर अशा आश्रयस्थानात जाऊन कुंपणं दुरुस्त करा, मांस तोडून द्या, विष्ठा उचला. नाहीतर हस्की घ्या. तोही आधी कुणा ओळखीच्याचा महिनाभर सांभाळून बघा. कुंपण त्यालाही पुरत नाही.