मीटर कुठंय?

पुरे झालं आता! विद्युत कायदा २००३ चा. कलम ५५ म्हणतं, दोन वर्षांत प्रत्येक जोडणीला मीटर हवा. ती मुदत २००५ लाच संपली. तरी राज्यात कितीतरी शेतीपंप आजही बिनमीटरचे! बिल हॉर्सपॉवरवर, आणि साडेसात एचपीपर्यंत तेही माफ. मोजायचंच नाही, तर वाचवायचं काय?

निवडणूक आली की वीज फुकट. २००४ ला घोषणा, निकालानंतर २००५ ला माघार. २०२४ ला पुन्हा विधानसभेच्या तोंडावर तेच. मीटर लावतो म्हणायची छाती एकाही पक्षाची नाही.

शेतकऱ्याला दोष देऊ नका. लाइट रात्री बाराला येणार, विंचूकाट्यातून पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जायचं; मग ऑटो स्विच लावणार नाही तर काय करणार? लाइट आली की मोटार आपोआप सुरू, वाफे तुंबले तरी पाणी चालूच. मोटारही दहादा रिवाइंडिंग केलेली, वीज जास्त खाणारी. बिलात दमडीचा फरक पडणार नसेल, तर कमी वीज खाणारा पाच स्टारचा महाग पंप त्यानं का घ्यावा?

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात जुने पंप काढून स्टारवाले बसवून दाखवले होते की! मग ते प्रत्येक तालुक्यात का नाही गेलं? 'बिल शून्य' फलकावर झळकतं, वाचलेलं युनिट झळकत नाही, म्हणून?

असाच उपसा होऊन आमच्याकडं बोअर सहाशे फुटांवर गेली. दिवसा वीज द्या, मीटर लावा, अनुदान थेट खात्यात टाका. अजून किती निवडणुका थांबायचं?