पैकीच्या पैकीवाल्याला बसवायचं कुठे?

वारंवारता सारणी दिसायला अगदी गरीब. तीन रकाने: वर्ग (म्हणजे आकड्यांचे गट), ताळ्याच्या खुणा (दर आकड्यामागे एक रेघ), वारंवारता (त्या गटात किती जण). बेरीज येणाऱ्या कुणालाही जमावी. माझ्या मते मात्र गणितातली निम्मी भांडणं या तीन रकान्यांतच होतात, आणि तीही हद्दीवरून.

समजा, ४० मुलांचे ५० पैकी गुण आहेत. वर्ग पाडले ०-१०, १०-२०, असे ४०-५० पर्यंत. आता २० गुणवाला दोन्ही घरांवर हक्क सांगतो. नियम असा की वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही. २० वाला २०-३० मध्ये. वाद मिटला म्हणेपर्यंत ५० पैकी ५० वाला उभा राहतो. नियमाप्रमाणे त्याला ४०-५० मध्ये जागाच नाही! त्या एकट्यासाठी ५०-६० हा वर्ग काढायचा, पेपर ५० चाच असला तरी. बरं, १-१०, ११-२० असे वर्ग पाडावेत, तर हा आत येतो आणि शून्यवाला बाहेर पडतो. शिवाय साडेदहा गुणवाला मधल्या फटीत लोंबकळतो तो वेगळाच.

खुणा करताना यादी एकदाच, वरून खाली वाचायची. प्रत्येक आकड्याला त्याच्या वर्गात एक रेघ, आणि आकड्यावर लगेच काट. बहुतेक जण आधी ०-१० वाले हुडकतात, मग १०-२० वाले. यादी सहा वेळा चाळून बेरीज येते ३९. पाचवी रेघ आधीच्या चारांवर तिरकी मारायची असते. उत्साही मंडळी पाच उभ्या काढून वर सहावी तिरकी मारतात आणि जुडगा पाचाचा म्हणून मोजतात. मग मुलं ४० आणि मोजणी ३५.

वारंवारता आली ३, ७, १२, १०, ७ आणि १. बेरीज ४०. ती जुळल्याशिवाय आलेख कागदाला हात लावू नका.

आता याच सारणीचा आयतालेख, म्हणजे दर वर्गावर त्याच्या वारंवारतेएवढा उंच आयत. हे आयत एकमेकांना खेटून उभे करायचे. स्तंभालेखाच्या सवयीने हात मध्ये फट सोडतोच. पण आवडत्या फळांचे स्तंभ सुटे असतात, कारण आंबा आणि केळं यांच्यामध्ये काही नसतं. १९ आणि २१ यांच्यामध्ये २० असतो. उभ्या अक्षावर १ सेंमी म्हणजे २ मुलं धरली की १२ चा आयत ६ सेंमी आणि ७ चा साडेतीन. हे प्रमाण कोपऱ्यात लिहायचं. ते कुणीच लिहीत नाही, आणि मग एक गुण कुठे गेला म्हणून विचारत येतात. गुणांऐवजी मुलांची उंची मांडायची असेल आणि ती १४० सेंमीपासून सुरू होत असेल, तर आडव्या अक्षावर आरंभबिंदूजवळ अक्षसंकोचाची, म्हणजे मधला रिकामा भाग गाळल्याची, नागमोडी खूण करा, नाहीतर मुलं कागदाबाहेर जातात.

वृत्तालेख, म्हणजे वर्तुळाच्या फाका करून वाटे दाखवणारा आलेख, स्कॉटिश अभियंता विल्यम प्लेफेअरने १८०१ मध्ये छापला, आणि तेव्हापासून कोनमापक हरवतो आहे. ४० मुलांना ३६० अंश, म्हणजे माणशी ९: २७, ६३, १०८, ९०, ६३, ९. इथे भागाकार गोड जमला. मुलं ३७ असती तर माणशी ९.७३ आले असते, आणि पूर्णांकात आणताना एकूण कधी ३५९, कधी ३६१. असा एखादा अंश सगळ्यात मोठ्या फाकेत गुपचूप घाला किंवा तिच्यातून काढा. तिला कळत नाही.