काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध

गावात विज्ञान शिकवणं हे एक काम आणि पेटी वाजवणं हे दुसरं. ही दोन्ही एकाच माणसाला जमतात हे वाडीला एकदा कळलं, की त्या माणसाला तिसऱ्या कशासाठी सवड म्हणून उरत नाही. देवगडकडच्या आमच्या गावात 'सायन्सचे सर आहेत काय?' अशी हाक आली की समजावं, कुणाचा तरी मिक्सर जळलाय. 'मास्तरांनू' अशी आली की पेटी हवी आहे. गणपतीत या दोन्ही हाका एकाच खळ्यातून येतात. मी पेटी खांद्यावरून उतरवायच्या आत माझ्या हातात मखराची चायना माळ दिली जाते. "सर, अर्धीच पेटता. जरा बघा मां." एकसर जोडणीतला एक दिवा गेला की अख्खी ओळ का विझते, हे मी ज्याला वर्गात उभं करून विचारलं होतं, तोच आता माळ घेऊन उभा असतो. उत्तर त्याला तेव्हाही आलं नव्हतं. त्याचं काही अडलं नाही, माझं मात्र अडलेलं आहे.

पण माळेचं दुखणं चार दिवसांचं. पेटीचं दुखणं चार महिन्यांचं.

हार्मोनियम जन्माने पॅरिसची, १८४० च्या सुमाराची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ मध्ये तिचं खालचं पायाने मारायचं भात्याचं लचांड काढलं, भाता मागे हाताशी आणला आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसापुढे ती ठेवली. घोषबाबूंचे उपकार आहेतच. कोलकात्याची हवाही काही कोरडी नाही. पण जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि वर खाडीवरून येणारा खारा वारा, याचा त्यांनी विचार केलेला दिसत नाही.

मृग लागला की पेटीचं लाकूड फुगायला लागतं. पट्टी दाबली की खाली जाते, ती जातेच. बोट उचललं तरी ती वर येत नाही. मग भात्यात हवा आहे तोवर तो सूर बोंबलत राहतो. माझ्या पेटीत हा मान धैवताचा. गजर ऐन रंगात आलाय, झांजा तापल्यात, आणि मधूनच धैवत कुणालाही न जुमानता ओरडतोय. अशा वेळी उजव्या हाताच्या करंगळीचं नख पट्टीच्या फटीत घालून ती वर उचलायची आणि उरलेल्या बोटांनी भजन पुढे न्यायचं. त्यासाठी मी आषाढापासून करंगळीचं नख वाढवतो. त्यावरून शाळेत मुलं काय बोलतात हे मला माहीत आहे.

आत पितळी सुरांवर, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या पितळी जिभांवर, हिरवट कीट चढतं ते वेगळंच. पितळी जिभेच्या टोकाला कीट बसलं की टोक जड होतं, ती सावकाश थरथरते आणि सूर उतरतो. पेटीत सुरांच्या दोन ओळी असतात. एका ओळीतला गंधार उतरला आणि दुसऱ्या ओळीतला तसाच राहिला, की दोघे मिळून 'वाँव वाँव वाँव' असा आवाज काढतात. विज्ञानात याला विस्पंद म्हणतात. अकरावी-बारावीच्या मुलांना ते पुस्तकात वाचावे लागतात, आमच्या वाडीत लहान पोरांनासुद्धा घरबसल्या ऐकायला मिळतात.

उपाय नाहीत असं नाही. पूर्वी पेटीच्या कपाटात चाळीस वॅटचा पिवळा बल्ब दिवसभर जळत ठेवायचा, की आत ऊब राहायची. आता तो बल्बच मिळेनासा झाला. बहुतेक वीज उजेडाऐवजी उष्णतेत घालवतो म्हणून तो बदनाम झाला आणि एलईडी आला. आम्हा पेटीवाल्यांना नेमकी तीच वाया जाणारी उष्णता हवी होती, हे कुणी विचारातच घेतलं नाही. एलईडीने पेटी सुकत नाही, फक्त तिचं कीट स्वच्छ दिसतं.

मग मी सिलिका जेलवर आलो. ते निळे दाणे ओल शोषून घेतले की गुलाबी होतात आणि तापवले की पुन्हा निळे. इतर ठिकाणी ते महिनाभर निळे राहत असतील, आमच्याकडे संध्याकाळच्या चहापर्यंत गुलाबी. जुन्या बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर मी ते गॅसवर भाजत होतो, तेव्हा सौ.ने विचारलं, "अहो, हे कसले दाणे?"

"पेटीचे."

"माझे पापड दोन दिवस मऊ पडलेत, त्यांचं काही बघितलंत?"

त्या दिवसापासून निम्मे दाणे पुरचुंडीत बांधून पापडाच्या डब्याबाहेर टांगलेले आहेत. डब्यात नाही घालू दिले. ते विषारी असतात, हे मी तिला रंगीत खडूने फळ्यावर लिहावं तसं समजावलं. बाहेर टांगून त्यांचा उपयोग शून्य आहे, हे मात्र नाही सांगितलं.

एवढं करून पेटी भजनापर्यंत पोचते आणि तिथे बुवा भेटतात.

कोकणात भजनी बुवा सहसा स्वतःच पेटी धरून गातात. आमच्या बुवांना मात्र हात मोकळे लागतात, कारण त्यांच्या गाण्याचा निम्मा अर्थ हातवाऱ्यांत असतो. म्हणून पेटीवर मी. मी विचारतो, "बुवा, पट्टी कुठली?" म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा. ते डोळे मिटून 'आऽऽ' लावतात. मी काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, दाबतो. बुवा मान हलवतात. पांढरी दोन दाबतो. पुन्हा मान.

"काळी एकच्या वायच वर," बुवा सांगतात, "नि पांढरी दोनच्या वायच खाली."

या दोघींच्या मध्ये पट्टीच नाही. काळी एकचा षड्ज सुमारे २७७ हर्ट्झचा, पांढरी दोनचा २९४ चा. आमचे बुवा बरोबर २८५ वर. मी मोबाईलच्या अ‍ॅपवर मोजलंय. सूर हलत नाही हो त्यांचा! दोन अभंग, एक गवळण, मध्ये चहा, मध्ये सरपंचांचं आगमन, तरी २८५. एवढी अचूक वारंवारता आमच्या प्रयोगशाळेतला एकही नादकाटा देत नाही. फक्त ती जगातल्या कुठल्याच पेटीत नाही.

मी एकदा त्यांना सप्तकाचे बारा सारखे भाग, शेजारच्या दोन सुरांमधलं १.०५९ चं गुणोत्तर, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्या पेटीत जागा कमी आसा."

हा आक्षेप बुवांचा एकट्याचा नाही. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, दोन सुरांमधल्या बारीक श्रुती सापडत नाहीत, अशा तक्रारींवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला बाहेर काढलं, ते १९७१ मध्ये दार जरा किलकिलं झालं. रेडिओवाल्यांनी आमचे बुवा ऐकले असते तर बंदी पेटीवर आली असती की बुवांवर, हा प्रश्न मला पडतो.

पखवाजवाल्याचं बरं असतं. बुवा जिकडे जातील तिकडे तो हातोडीचे चार ठोके मारून पोचतो, डाव्या पुडीला कणीक चोपडतो आणि मोकळा. पुडीवरच्या काळ्या गोल शाईमुळे तबल्या-मृदंगासारख्या वाद्यांतून एकमेकांशी जुळणारे स्वर कसे निघतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये लिहिलंय, नोबेलच्या दहा वर्षं आधी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या भाषणात मी हे दरवर्षी सांगतो. समोरची निम्मी मुलं तेव्हा मनाने शिमग्यात असतात. पेटीवर कुणा नोबेलवाल्याने हात ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही. ठेवला असता तर पट्टी खालीच राहिली असती.

आरतीची गोष्ट निराळी. तिथे एक बुवा नसतात, अख्खी वाडी असते. पहिली आरती पांढरी एकवर सुरू होते. प्रत्येक आरतीला मुंबईहून आलेले चाकरमानी जोर वाढवतात आणि पट्टी वर सरकते. शेवटच्या आरतीला काळी तीन ओलांडलेली असते. मी मागून धावत असतो आणि धैवत आपला जागेवर बसून बोंबलत असतो.

शाळेत स्वागतगीत हा आणखी एक प्रकार. साहेब येणार म्हटलं की 'ध्वनी'चा तास रद्द होतो आणि त्याच तासाला पेटी काढायची असते. यावर जास्त लिहीत नाही, नोकरीची काही वर्षं शिल्लक आहेत.

तर गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी ठरवलं, की बुवांसाठी पेटीच सरकवायची. सुराच्या जिभेचं टोक घासून हलकं केलं की सूर चढतो. साडेतीन सप्तकं, दोन ओळी, चौऱ्याऐंशी सूर. प्रत्येक जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा, बारीक कानस दोनदा फिरवायची, फुंकर मारायची, अ‍ॅपवर बघायचं, पुन्हा कानस. सगळे सूर साधारण तीन टक्क्यांनी वर. बाहेर लोक आंबे पेट्यांत भरत होते आणि मी पडवीत माझ्या एका पेटीशी झटत होतो. पण शेवटी काळी एक दाबली आणि आकडा आला २८५. मी सौ.ला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "छान. आता मिक्सर बघा."

गणपतीत पहिल्याच रात्री बुवांच्या पुढ्यात पेटी ठेवली आणि न विचारता काळी एक धरली. बुवांनी डोळे मिटून 'आऽऽ' लावला. सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. मी अ‍ॅप काढलं. बुवा २७७ वर होते.

"डॉक्टर म्हणता जोर करू नको," बुवांनी खुलासा केला. "म्हणून अर्धी पट्टी खाली घेतलंय."

माझ्या नव्या पेटीत पांढरी एक होती २६९ वर, काळी एक २८५ वर. मी दोन्ही दाबून पाहिल्या. बुवांनी दोन्हींना मान हलवली, मग पेटीच्या झाकणावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तरांनू, पेटी पावसान बिघाडली मरे!"